पाय, करंजी आणि करवंद : चेरी क्रीम पाय करता करता शिकवायचा एक धडा



इंग्रजीच्या धड्यात किंवा कार्टूनमध्ये 'पाय' हा पदार्थ आला की मराठी वर्गात हशा ठरलेला. "बाई, ते लोक पाय खातात?" हा प्रश्न येतोच. पुढे आठवी-नववीत वर्तुळाचा 'पाय' आला की तोच हशा पुन्हा. मुलांचं काही चुकत नाही. एकाच उच्चाराचे तीन अर्थ त्यांच्यासमोर येतात: शरीराचा अवयव, वर्तुळाचा परीघ आणि व्यास यांचं गुणोत्तर, आणि पिठाच्या कवचात सारण भरून केलेला पदार्थ. पहिले दोन आपण नीट शिकवतो. तिसऱ्याच्या वेळी मात्र "अरे, केकसारखं काहीतरी असतं" असं म्हणून पान उलटतो.

आज त्या 'काहीतरी'बद्दल लिहायचं आहे. पायचा इतिहास बघू, घरी ओव्हन नसताना करता येणारा जुन्या पद्धतीचा चेरी क्रीम पाय बघू, आणि तो करताना विज्ञान, भाषा, गणित कुठे कुठे सापडतं तेही बघू. जाता जाता आपल्या बेकरीतल्या लाल चेरीचं खरं नावही कळेल. पिंपरी-चिंचवड, तळेगाव, चाकण या भागातल्या मुलांना ते नाव माहीत असणं मला फार गरजेचं वाटतं. का, ते पुढे येईलच.

पाय म्हणजे आधी डबा होता

पीठ आणि तेल एकत्र मळून त्यात मांस गुंडाळायचं आणि भाजायचं, ही युक्ती रोमन लोकांना माहीत होती. 'अपिसियस' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्राचीन रोमन पाककृतींच्या संग्रहात अंजीर घालून शिजवलेलं, मध लावलेलं मांस तेल-पिठाच्या आवरणात भाजायची कृती आहे. आवरणामुळे आतला रस आतच राहतो.

इंग्लंडमध्ये १३९०च्या सुमारास राजा दुसरा रिचर्ड याच्या स्वयंपाक्यांनी 'फॉर्म ऑफ क्युरी' नावाचा पाककृतींचा संग्रह तयार केला. त्या काळच्या अशा कृतींमध्ये पायच्या कवचाला चक्क 'कॉफिन' म्हटलेलं आहे. आज या शब्दाचा अर्थ शवपेटी असा होतो, पण तेव्हा त्याचा साधा अर्थ पेटी किंवा टोपली असा होता. म्हणजे पाय ही पिठाची पेटी होती. तिच्या भिंती जाड आणि कडक असत. आत मांस किंवा मासे भरून भाजायचं, मग वरच्या भोकातून वितळलेली चरबी किंवा लोणी ओतायचं. ते थिजलं की आत हवा जायला वाट उरत नाही आणि पदार्थ जास्त दिवस टिकतो. आपण लोणच्यावर तेलाचा थर कशासाठी ठेवतो? त्याचसाठी. वर्गात हा प्रश्न विचारला तर घरी आजी असलेली मुलं उत्तर पटकन देतात.

ही पेटी फार कडक असली तर ती खायचीच असं नव्हतं. आतलं खायचं आणि कवच बाजूला ठेवायचं. पुढे पीठ अधिक बारीक झालं, त्यात लोणी जास्त पडू लागलं, आणि डबाच खाण्यासारखा झाला.

डब्याचा हा गुण सगळ्यात जास्त उपयोगी पडला तो कामगारांना. इंग्लंडच्या नैऋत्य टोकाला कॉर्नवॉल नावाचा परगणा आहे. तिथल्या कथील आणि तांब्याच्या खाणीत उतरणारे कामगार 'पेस्टी' नावाचा पाय सोबत न्यायचे. अर्धचंद्राचा आकार, आत मांस, बटाटा, कांदा आणि सलगम, आणि कडेला दोरीसारखी मुरड. ताट नको, चमचा नको, हातात धरून खायचं. २०११ साली युरोपीय संघाने 'कॉर्निश पेस्टी' या नावाला भौगोलिक संरक्षण दिलं. आपल्याकडे कोल्हापुरी चपलेला किंवा महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला जीआय मानांकन आहे, तसंच ते.

१९व्या शतकात हे खाणकामगार कामासाठी मेक्सिकोतल्या हिदाल्गो राज्यात गेले. पेस्टीही सोबत गेली. तिथे तिचं नाव झालं 'पास्ते', आणि आत तिथली मिरची आणि तिथले मसाले आले. कवच तेच राहिलं, सारण मात्र गावाप्रमाणे बदललं. पायचा सगळा इतिहास या एका वाक्यात मावतो, आणि मुलांनी तेवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

पिंपरी-चिंचवडच्या मुलांना हे समजावून सांगायला फार कष्ट पडत नाहीत. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली, १९६२ नंतर एमआयडीसी वाढली, पुढे चाकणपर्यंत मोटारींचे कारखाने उभे राहिले. पहिली पाळी, दुसरी पाळी, रात्रपाळी, आणि त्याप्रमाणे भरला जाणारा डबा हे आपल्या वर्गातल्या कितीतरी घरांचं वेळापत्रक आहे. खाणीत पेस्टी नेणारा कामगार आणि पहाटे कंपनीच्या बसमध्ये डबा घेऊन चढणारा बाबा यांच्यात मुलांना नातं लगेच दिसतं.

मग आपल्याकडे पाय नव्हता का?

कवच आणि सारण ही जोडी आपल्याकडे घरोघरी आहे. दिवाळीची करंजी घ्या. अर्धचंद्र आकार, कडेला मुरड, नाहीतर कातण्याने कापलेली नक्षी. करंजी आणि कॉर्निश पेस्टीचं चित्र शेजारी शेजारी ठेवलं तर मुलं म्हणतात, "ही तर मोठी करंजी!" फरक मुख्यतः दोनच. पेस्टी भाजतात, करंजी तळतात. पेस्टीत तिखट-मिठाचं सारण, करंजीत खोबरं, खसखस, पिठीसाखर.

करंजीच्या पिठात आपण कडकडीत मोहन घालतो. त्याचं कारण विज्ञानाच्या तासाला सांगण्यासारखं आहे. मैद्यातली प्रथिनं पाण्याशी मिसळली आणि मळली गेली की त्यांचं चिवट जाळं तयार होतं, त्याला ग्लूटेन म्हणतात. पोळीला ते हवं असतं, कारण पोळी लाटताना ताणायची असते. करंजी मात्र खुसखुशीत हवी. तूप पिठाच्या कणांवर आधीच बसलं की पाणी तिथे सहज पोचत नाही, जाळं तुटक राहतं आणि कवच दाताखाली भुगा होतं. पायचं साधं कवचही याच तत्त्वावर होतं. त्यात थंड लोणी चोळतात, आपण गरम तूप ओततो.

साट्याची करंजी तर आणखी पुढची पायरी. पोळ्यांच्या मध्ये तूप आणि तांदळाच्या पिठाचा साटा लावून गुंडाळी करायची, कापायची आणि लाटायची. तळताना थर सुटतात. बेकरीतली खारी आणि पॅटिस यांच्यात हेच थर लोण्याने किंवा मार्गारीनने केलेले असतात. म्हणजे शाळेबाहेरच्या बेकरीत मिळणारं गरम व्हेज पॅटिस हा पायच्याच घराण्यातला पदार्थ झाला. भाषेच्या तासाला सांगायचं असेल तर पेस्ट, पेस्ट्री, पास्ता, पेस्टी आणि पॅटी हे सगळे शब्द उत्तरकालीन लॅटिनमधल्या 'पास्ता', म्हणजे मळलेला गोळा, या एकाच शब्दापासून निघालेले आहेत. टूथपेस्ट आणि पेस्ट्री यांचं मूळ एकच, हे ऐकून वर्ग जागा होतो.

मध्ययुगात मांडूच्या सुलतानांच्या दरबारात तयार झालेल्या 'निमतनामा' या सचित्र ग्रंथात सामोशाच्या कितीतरी कृती आहेत. गोव्यात करंजीला नेवरी म्हणतात. तिथल्या ख्रिस्ती घरांमध्ये 'आपा दी कामारांव' नावाचा कोळंबीचा पाय होतो, आणि त्याच्या कवचात मैद्याऐवजी तांदूळ आणि नारळ असतो. पोर्तुगीज पद्धतीला गोव्याच्या मातीने दिलेलं हे उत्तर आहे. पुन्हा तीच गोष्ट: पद्धत बाहेरून आली, जिन्नस गावातले वापरले.

आपल्या भागातल्या वर्गात तर हा धडा पुस्तकाविनाही होतो. कारखान्यांमुळे मुलं वेगवेगळ्या राज्यांतून आलेली असतात. कोणाच्या घरी गुजिया, कोणाकडे सत्तू भरलेली लिट्टी, कोणाकडे कर्नाटकातली कर्जिकाई, कोणाकडे उकडीचे मोदक. एखादं मूल डब्यातली लिट्टी लपवून खात असेल, तर "ही आपल्या वर्गातली बिहारची पाय" असं एकदा फळ्यावर लिहून बघा. पदार्थाला प्रतिष्ठा मिळाली की ते मूल बोलायला लागतं.

चेरी पाय 'रेट्रो' कसा झाला

युरोपातून गेलेल्या लोकांनी पाय अमेरिकेत नेला. तिथे सफरचंद, भोपळा, चेरी जे पिकलं ते त्यात भरलं. चेरी पाय २२ फेब्रुवारीला, म्हणजे जॉर्ज वॉशिंग्टनच्या वाढदिवसाला खायची पद्धत पडली. कारण ती गोष्ट: लहान जॉर्जने कुऱ्हाडीने चेरीच्या झाडावर घाव घातला आणि वडिलांना खरं सांगितलं. मूल्यशिक्षणाच्या तासाला आपल्याकडेही ही गोष्ट सांगितली जाते. गंमत अशी की ती मेसन वीम्स या चरित्रकाराने वॉशिंग्टनच्या मृत्यूनंतर, १८०६च्या आवृत्तीत घातली आणि तिला आधार सापडत नाही. खरं बोलण्याची शिकवण देणारी गोष्टच बहुधा रचलेली! वरच्या वर्गात यावर चर्चा छान होते.

चेरी 'क्रीम' पायचं वय मात्र कमी. त्याला तीन गोष्टी लागल्या: डबाबंद दूध, बिस्किट आणि फ्रीज. साखर घालून आटवलेल्या दुधाचं पेटंट अमेरिकेत गेल बोर्डेन यांनी १८५६ साली घेतलं. ताजं दूध नासण्याच्या काळात हे डबाबंद दूध वरदान ठरलं. फ्लोरिडाच्या दक्षिण टोकाच्या बेटांवर ताजं दूध आणि बर्फ यांची चणचण असे. तिथे याच दुधात लिंबाचा रस घालून 'की लाइम पाय' करू लागले. पुढे घरोघरी फ्रीज आले. १९५०-६०च्या दशकांत अमेरिकन गृहिणींमध्ये बिस्किटाच्या चुऱ्याचं कवच, वर कन्डेन्स्ड मिल्क-लिंबू-क्रीम आणि त्यावर डब्यातली चेरी असा न भाजता होणारा पाय लोकप्रिय झाला. 'रेट्रो' म्हणतात तो हाच.

आपल्याकडेही फ्रीज आणि कन्डेन्स्ड मिल्कचा डबा आल्यावर बिस्किट पुडिंग आणि फ्रूट कस्टर्ड घराघरांत शिरलं. त्यामुळे हा पाय आपल्या स्वयंपाकघराला परका वाटत नाही. ओव्हन लागत नाही, ही सगळ्यात मोठी सोय.

केकवरची चेरी कोण आहे?

आता मुद्द्याची गोष्ट. खरी चेरी आपल्याकडे काश्मीर, हिमाचल, उत्तराखंड अशा थंड भागात येते. त्या झाडाला फुलण्यासाठी हिवाळ्यात दीर्घकाळ कडक थंडी लागते. पुणे जिल्ह्यात ती होत नाही. उन्हाळ्यात काही आठवडे बाजारात येते आणि महाग असते.

मग केकवर, आइस्क्रीमवर, पानात घातलेली ती चकचकीत लाल चेरी कुठली? आपल्या देशात बेकरीसाठी मिळणारी 'चेरी' बहुतेक वेळा करवंदाची असते. कच्ची करवंदं बिया काढून मिठाच्या पाण्यात मुरवतात, मग साखरेच्या पाकात टप्प्याटप्प्याने पाकवतात आणि लाल रंग देतात. तिच्या शेजारची रंगीत टुटीफ्रुटी कच्च्या पपईची असते, हे बऱ्याच जणांना माहीत असतं. चेरीचं मात्र माहीत नसतं.

या चेरीत वापरला जाणारा एक रंग म्हणजे एरिथ्रोसिन. पाकिटावर तो आयएनएस १२७ या क्रमांकाने लिहिलेला दिसतो. आंबट पदार्थात तो सहज विरघळत नाही, त्यामुळे चेरीचा लाल रंग शेजारच्या क्रीमला फारसा लागत नाही, म्हणून तो सोयीचा. भारतात तो ठरवून दिलेल्या मर्यादेत चालतो. अमेरिकेने जानेवारी २०२५ मध्ये अन्नात तो वापरण्याची परवानगी मागे घेतली. उंदरांवरच्या प्रयोगात गाठी दिसल्या होत्या आणि तिथला कायदा अशा रंगाला मुभा देत नाही. माणसात तसं घडल्याचा पुरावा मिळालेला नाही, हेही त्यांनी सांगितलं. तेव्हा घाबरायचं कारण नाही, पण पाकीट उलटून वाचायची सवय मुलांना लावायला ही चेरी उत्तम उदाहरण आहे.

करवंद हे आपलं, सह्याद्रीचं फळ. काटेरी झुडूप, तोडलं की पांढरा चीक, एप्रिल-मे मध्ये काळीभोर फळं. लोणावळा, मावळ, भीमाशंकरच्या बाजूला बायका टोपल्यांत आणि पानांच्या द्रोणांत करवंदं विकायला बसतात. 'डोंगरची काळी मैना' ही तिची हाक. रुई, कण्हेर, सदाफुली यांच्याच कुळातलं हे झाड. त्या बाकीच्यांची विषारी म्हणून ओळख, आणि याचं फळ मात्र आपण आवडीने खातो. वनस्पतीशास्त्राच्या तासाला ही तुलना जरूर घ्या, आणि ओळख नसलेलं फळ तोंडात घालायचं नाही हेही त्याच वेळी सांगा.

आपल्या मुलांना लाल चेरी ओळखता येते. तिच्या आतलं करवंद ओळखता येत नाही. चाकण, तळेगाव, देहूरोडच्या आसपासच्या टेकड्यांच्या पायथ्याशी शेडं, गोदामं आणि सोसायट्या उभ्या राहताहेत. रोजगार त्यातूनच येतो, त्याबद्दल तक्रार नाही. पण सपाटीकरणात पहिल्यांदा जातं ते असं बिनकामाचं दिसणारं काटेरी झुडूप. ज्या मुलाला त्या झुडपाचं नाव माहीत नाही, ते गेलेलं त्याच्या लक्षातही येणार नाही. म्हणून आपला चेरी क्रीम पाय करवंदाचा करायचा. रंग न घालता.

साहित्य

२२ सेंटिमीटर व्यासाच्या, ३-४ सेंटिमीटर खोल भांड्यासाठी.

कवच : मारी बिस्किटं १८० ग्रॅम, वितळलेलं लोणी ९० ग्रॅम, चिमूटभर मीठ (लोणी खारं असेल तर नको).

मधला थर : कन्डेन्स्ड मिल्कचा ४०० ग्रॅमचा डबा, बांधून घट्ट केलेला चक्का २५० ग्रॅम, लिंबाचा रस ६० मिलिलिटर (साधारण ३-४ लिंबं), एका लिंबाची किसलेली हिरवी साल.

वरचा थर : पिकलेली करवंदं ५०० ग्रॅम, साखर १२५ ग्रॅम, कॉर्नफ्लोअर २ मोठे चमचे, पाणी १०० मिलिलिटर, लिंबाचा रस १ छोटा चमचा.

मूळ अमेरिकन कृतीत चक्क्याच्या जागी फेटलेलं क्रीम असतं. दुकानात खोक्यात मिळणारं साधं फ्रेश क्रीम साधारण २५ टक्के स्निग्धांशाचं असतं आणि कितीही फेटलं तरी उभं राहत नाही. त्यासाठी ३० टक्क्यांच्या वरचं व्हिपिंग क्रीम लागतं. चक्का स्वस्त, घरचा आणि श्रीखंडामुळे आपल्या हाताला सवयीचा.

कृती

१. बिस्किटं पिशवीत घालून लाटण्याने बारीक चुरा करा. हे काम मुलांचं. चुऱ्यात लोणी कालवा. मुठीत दाबल्यावर मुटका वळला पाहिजे. वळत नसेल तर चमचाभर लोणी वाढवा.

२. हा चुरा भांड्याच्या तळाशी आणि कडेने सपाट वाटीने दाबून बसवा. अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवा. थिजलेलं लोणी चुऱ्याला सिमेंटसारखं धरून ठेवतं.

३. चक्का चाळणीवरून घासून गुठळ्या मोडा, पुरणयंत्र असेल तर त्यातून काढा. त्यात कन्डेन्स्ड मिल्क आणि लिंबाची साल घालून एकजीव करा.

४. लिंबाचा रस थोडा थोडा घालत ढवळा. मिश्रण डोळ्यांदेखत दाट होतं. मुलांना जवळ बोलावून हे दाखवाच.

५. मिश्रण कवचात ओता आणि किमान ६ तास, शक्यतो रात्रभर फ्रीजमध्ये ठेवा.

६. हाताला तेल लावून करवंदं उभी चिरा आणि बिया काढा. तेलामुळे चीक चिकटत नाही. चिरलेली करवंदं दहा मिनिटं मिठाच्या पाण्यात ठेवून धुऊन घ्या.

७. करवंदं, साखर आणि अर्धं पाणी मंद आचेवर ८-१० मिनिटं शिजवा. उरलेल्या पाण्यात कॉर्नफ्लोअर कालवून त्यात घाला, सतत ढवळा, एक-दोन मिनिटं चांगलं उकळू द्या. गॅस बंद करून मग लिंबाचा रस घाला. हे काम मोठ्यांनीच करायचं, उकळता पाक अंगावर उडाला तर वाईट भाजतं.

८. हा थर पूर्ण गार झाल्यावर पायवर पसरा. तासभर फ्रीजमध्ये ठेवून कापा.

करवंदं नसतील तेव्हा ताजी चेरी, स्ट्रॉबेरी किंवा जांभळाचा गर चालतो. साखरेबद्दल एक सूचना: कन्डेन्स्ड मिल्कच्या एका डब्यातच जवळपास पावणेदोनशे ग्रॅम साखर वरून घातलेली असते. म्हणून १० ते १२ तुकडे करायचे आणि एकेकच खायचा. दूध किंवा गहू ज्यांना चालत नाही अशी मुलं वर्गात असतील तर आधी पालकांना विचारून घ्या.

लिंबाने दूध फाटतं, मग हे घट्ट का होतं?

हा प्रश्न मुलांकडून येईपर्यंत वाट बघा, उत्तर आधी सांगू नका.

दुधात केसीन नावाची प्रथिनं अतिसूक्ष्म गोळ्यांच्या रूपात तरंगत असतात. त्यांच्यावर ऋण विद्युतभार असतो, म्हणून ते एकमेकांना ढकलतात आणि दूध पातळ राहतं. आम्ल घातलं की हा भार कमी होत जातो. सामू ४.६च्या आसपास आला की गोळे एकमेकांना चिकटतात. गरम दुधात लिंबू पिळलं तर हे इतकं भराभर होतं की चोथा आणि पाणी वेगळं होतं. ते पनीर. दह्यात जिवाणू हळूहळू आम्ल तयार करतात, म्हणून घट्ट, सलग दही लागतं.

कन्डेन्स्ड मिल्क मुळातच आटवलेलं, प्रथिनांनी दाट आणि साखरेच्या पाकाने जड असतं. तिथे आम्ल गेल्यावर केसीन चिकटतं खरं, पण दाट पाकात त्याला मोठ्या गुठळ्या करता येत नाहीत. मऊ जाळं तयार होतं, त्यात पाणी अडकून राहतं. म्हणून न शिजवता थर उभा राहतो.

वर्गात दाखवायचं असेल तर तीन ग्लास पुरे. पहिल्यात गरम दूध, दुसऱ्यात गार दूध, तिसऱ्यात कन्डेन्स्ड मिल्क. तिघांत सारखाच एक चमचा लिंबाचा रस घाला. मुलांनी निरीक्षणं वहीत लिहायची. फक्त गरम दुधाचा ग्लास शिक्षकांनी हाताळायचा.

पायमधला पाय

जगभर १४ मार्चला 'पाय दिवस' साजरा करतात, कारण अमेरिकन पद्धतीने ती तारीख ३/१४ अशी लिहितात. आपण तारीख दिवस-महिना अशी लिहितो. आपल्यासाठी २२ जुलै सोयीचा: २२/७! शाळाही चालू असते.

त्या दिवशी घरातली निरनिराळी गोल भांडी आणायला सांगा. दोऱ्याने परीघ मोजायचा, पट्टीने व्यास मोजायचा, भागाकार करायचा. डब्याचं झाकण असो की परात, उत्तर ३.१ च्या आसपास येतं. सूत्र पाठ करण्याआधी हे हाताने कळलेलं बरं.

मग हा प्रश्न फळ्यावर लिहा: १४ सेंटिमीटर व्यासाचा पाय एका कुटुंबाला पुरतो. २८ सेंटिमीटरचा किती कुटुंबांना पुरेल? बहुतेक मुलं "दोन" म्हणतात. करून बघू द्या. लहान पायची त्रिज्या ७, क्षेत्रफळ २२/७ × ४९ = १५४ चौरस सेंटिमीटर. मोठ्याची त्रिज्या १४, क्षेत्रफळ २२/७ × १९६ = ६१६. म्हणजे चार कुटुंबं. व्यास दुप्पट, क्षेत्रफळ चौपट. पिझ्झाच्या दुकानात कुठला आकार परवडतो, हेही मग मुलं स्वतः काढतात.

वर्गात आणि घरी कसं घ्यावं

अडचण एकच: करवंदं मे महिन्यात पिकतात आणि तेव्हा शाळेला सुट्टी असते. म्हणून पालकांना विनंती, सुट्टीत मुलांना घेऊन एकदा करवंदं बघायला जा. विकणाऱ्या ताईंकडून विकत घ्या आणि त्यांनाच विचारा की झुडपं कुठे आहेत, पूर्वी कुठे होती. वरच्या थराचा पाक कॉर्नफ्लोअर न घालता शिजवून फ्रीजरमध्ये ठेवला की तो २२ जुलैच्या कार्यक्रमाला उपयोगी पडतो. शाळेत अख्खा पाय नेण्यापेक्षा लहान वाट्यांमध्ये थर लावून, गार पेटीत ठेवून न्या.

तिसरी-चौथीसाठी 'माझ्या घरचा पाय' हा उपक्रम घ्या. घरात होणारा कुठलाही भरलेला पदार्थ, त्याचं घरच्या बोलीतलं नाव, कवच कशाचं, सारण कशाचं, कधी करतात, कोणी शिकवलं. पाचवी ते सातवीसाठी पाकिटं वाचायचा उपक्रम: घरात येणारं एक बेकरीचं पाकीट, त्यावरची घटकांची यादी आणि क्रमांक. आठवी-नववीसाठी परिसराचा नकाशा: शाळेपासून दोन-तीन किलोमीटरवरच्या टेकडीवर करवंद, बोर, आवळा, जांभूळ कुठे आहे याची नोंद, मोठ्यांना सोबत घेऊन. दरवर्षी हीच नोंद पुढच्या तुकडीने करायची. पाच वर्षांनी शाळेच्या हातात स्वतःची माहिती असेल, आणि झाडं वाढली की कमी झाली हे कुणाला विचारावं लागणार नाही.

बी मिळालं तर शाळेच्या कुंपणाला करवंद लावता येतं. फळ पिकल्यावर लगेच बी पेरावं, फार दिवस ठेवलं तर उगवत नाही. काटेरी असल्याने कुंपण म्हणून चांगलं, एकदा रुजलं की पाणीही फार मागत नाही. चार-पाच वर्षांत त्याला फळं धरतील. आज तिसरीत असलेलं मूल तेव्हा सातवी-आठवीत असेल, आणि पायसाठी करवंदं शाळेच्या कुंपणावरून तोडता येतील.